कोलोरॅडोत एल्कसाठी ६.५ क्रीडमोर पुरेल का, की .३०० विन मॅग घ्यावीच लागेल?

वाटाड्या७९

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोच्या दुसऱ्या रायफल सीझनसाठी मादी एल्कचं (सांबराएवढं थोरलं हरीण) लायसन्स ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, लागलं आहे. मुक्काम डॅलसचा. हाताशी ६.५ क्रीडमोर काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. स्कोपसकट वजन साडेआठ पौंड, बॅरल २२ इंची, ट्विस्ट १:८ (नळीतला पीळ, आठ इंचांत एक फेरा). बाकावर टेकवून १०० यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात बसतात. काडतूस हॉर्नडी कंपनीचं, त्यात १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ईएलडी-एक्स गोळी. बाकावरून उठून सराव जवळजवळ नाहीच.

दुकानात सांगतात की एल्कला .३०० विंचेस्टर मॅग्नम हवीच, क्रीडमोर ही हरणाची गोळी. काही जाणकार .३०-०६ घ्या म्हणतात. डोंगर नऊ-दहा हजार फुटांवर आहे आणि गाइडच्या म्हणण्याप्रमाणे नेम १०० ते ३०० यार्डांत मिळतो. नवीन रायफल घ्यावी का? घेतली तर कोणत्या काडतुसाची? आणि आहे तीच ठेवली तर गोळी बदलावी का? व्हिसा एच-१बी आहे, त्यावरून काही अडचण येत असेल तर तेही सांगा.

लोखंडी_चणे

आधी कायदा बघू, म्हणजे निम्मा वाद तिथेच मिटेल. कोलोरॅडोत एल्कसाठी कमीत कमी .२४ कॅलिबर, फुलणारी गोळी, वजन कमीत कमी ८५ ग्रेन आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. तुमचं काडतूस हे सगळं आरामात पार करतं. म्हणजे कायद्याने .२४३ सुद्धा चालते. चालते म्हणून न्यावी असं नाही, पण "हरणाची गोळी" हे दुकानाचं मत आहे, नियम नव्हे.

आता आकडे. डब्यावर २७०० फूट प्रति सेकंद लिहिलंय ते २४ इंची चाचणी बॅरलचं. तुमच्या २२ इंचीत इंचामागे वीस-पंचवीस फूट जातात, म्हणून २६५० धरा. ऊर्जा काढायची तर वेगाचा वर्ग गुणिले ग्रेन भागिले ४५०२४०. ३०० यार्डांवर हा वेग साधारण २२४० राहतो, म्हणजे जवळपास १६०० फूट-पाउंड. .३०-०६ ची १८० ग्रेन पार्टिशन गोळी २७०० ने निघाली तर त्याच अंतरावर १८३० च्या आसपास, आणि .३०० विन मॅगची १८० ग्रेन २९६० ने निघाली तर २२५० च्या आसपास. एल्कला १५०० फूट-पाउंड हवेत असा अमेरिकन शिकाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे. त्याला शास्त्राचा आधार फारसा नाही, पण त्यातही तुम्ही बसता.

खरं बघायचं ते गोळीच्या बांधणीकडे. एल्कची मादी साधारण २२५ किलोची, नर ३१५-३२० किलोचा. म्हणजे नर आपल्या मोठ्या सांबराच्या तोडीचा, आणि वंशाने काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा भाऊबंद. फऱ्याचं हाड जाड, त्यावर ओल्या मांसाचा थर. गोळी हाड फोडून दोन्ही फुफ्फुसांतून पलीकडे गेली पाहिजे. हे काम ऊर्जेचा आकडा करत नाही. गोळीचं उरलेलं वजन आणि तिची लांबट घडण करते. ६.५ ची १४३ ग्रेन गोळी लांब आणि बारीक असल्याने तिचं सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) .२९३ येतं, .३० च्या १८० ग्रेनचं .२७१. आत शिरण्याच्या बाबतीत तुमचं काडतूस मुळीच गरीब नाही.

गरीब आहे ती ईएलडी-एक्सची बांधणी. लांबवर ती छान फुलते. पण ६०-७० यार्डांवर, वेग अजून २५५० च्या वर असताना, फऱ्याच्या हाडावर बसली तर शिसं आणि जॅकेट (गोळीचं बाहेरचं आवरण) वेगळं होण्याचा धोका असतो आणि खोली घटते. गाइड १०० ते ३०० म्हणतोय, पण दाट झाडीत ५० यार्डांवरही कळप समोर येतो. म्हणून रायफल तीच ठेवा, गोळी बदला. नॉस्लरची १४० ग्रेन पार्टिशन किंवा अ‍ॅक्युबाँड, फेडरलची १३० ग्रेन टर्मिनल असेंट, नाहीतर तांब्याची बार्न्स १२० ग्रेन टीटीएसएक्स किंवा १२७ ग्रेन एलआरएक्स. यातली जी तुमच्या बॅरलला आवडेल ती.

रानमाळ

वरच्या बऱ्याच गोष्टींशी सहमत, पण .३०० विन मॅगला इतकं उडवून लावू नका. वायोमिंग-मोंटानाच्या उघड्या माळावर, वारा सुटलेला, नर ४०० यार्डांवर तिरका उभा, तिथे १८० किंवा २०० ग्रेनची बाँडेड (शिसं आवरणाला चिकटवलेली) गोळी आणि मागे राखलेला वेग यांना अर्थ आहे. फरा फुटून पलीकडची बाजूही फुटण्याची शक्यता वाढते. नराचं लायसन्स आणि उघडी जागा असती तर मीही .३०० किंवा ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम सुचवली असती. ७ मिमी पीआरसी २०२२ मध्ये आली, तीही त्याच रांगेत बसते.

पण तुमच्याकडे मादी आहे आणि अंतर ३०० पर्यंत. तेव्हा धक्क्याचा हिशेब बघा. साडेआठ पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमोर साधारण ११-१२ फूट-पाउंड मागे मारते. .२७० आणि .३०८ पंधराच्या घरात, .३०-०६ एकोणीस, ७ मिमी रेम मॅग वीस, .३०० विन मॅग पंचवीस, .३३८ विन मॅग एकतीस. पंचविसाला बाकावर बसून दहा गोळ्या मारल्या की खांदा आणि डोळे दोन्ही बोलायला लागतात. डोळे मिटतात, चाप झटक्याने ओढला जातो आणि गोळी खाली डावीकडे जाते. सीझनला चार महिने असताना नवी मॅग्नम घेणारा माणूस त्या चार महिन्यांत तीस गोळ्याही मारत नाही. काडतूसही महाग, त्यामुळे सराव आणखी कमी.

हे तपासायला सोपी युक्ती आहे. दुसऱ्याला मॅगझिन भरायला सांगा, मध्ये दोन-तीन डमी काडतुसं टाकायला सांगा, तुम्ही बघू नका. डमीवर घोडा पडला की बॅरल हललं का ते दोघांनाही स्पष्ट दिसतं. हललं तर तुमच्या अडचणीचं नाव काडतूस नाही.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) लावला तर धक्का खूप उतरतो, हे खरं. पण आवाज बाजूला फेकला जातो आणि शेजारी उभ्या गाइडचे कान जातात. बरेच आउटफिटर (शिकारीची सगळी सोय करून देणारे) ब्रेकवाली रायफल नको म्हणूनच सांगतात. आधी विचारून घ्या.

वाटाड्या७९

दोघांचे आभार. डमीचा प्रयोग शनिवारी करतो. दोन शंका राहिल्या. तांब्याची गोळी घ्यायची तर त्याच वजनाची का नाही, हलकी का? आणि वाऱ्यात हलकी ६.५ जास्त सरकणार नाही का?

लोखंडी_चणे

वाऱ्याबद्दल उलटं आहे. १० मैल वेगाचा आडवा वारा ३०० यार्डांवर तुमच्या १४३ ग्रेनला पाच-साडेपाच इंच ढकलतो, .३०-०६ च्या १८० ग्रेन पार्टिशनला सात इंच. कारण गोळीचा आकार, बॅलिस्टिक कोइफिशंट (हवा किती सहज कापते त्याचा आकडा) .६२५ विरुद्ध .४७४. पार्टिशनसारखी जरा बोथट गोळी घेतलीत तर हा फायदा बराचसा जाईल, तेही लक्षात असू द्या. ३०० यार्डांच्या आत तो फरक एल्कच्या छातीवर मोजण्याइतका नाही.

तांबं शिशापेक्षा हलकं. त्याच वजनाची गोळी तांब्यात केली तर ती लांबते, पुंगळीतली दारूची जागा खाते आणि स्थिर फिरायला जास्त ट्विस्ट मागते. म्हणून तांब्यात एक पायरी उतरतात. .३०-०६ ला १८० च्या जागी १६५-१६८ ग्रेन, तुम्हाला १४३ च्या जागी १२०-१२७. ही गोळी तिचं जवळजवळ सगळं वजन शेवटपर्यंत राखते, त्यामुळे हलकी घेऊनही खोली कमी होत नाही. फुलायला मात्र तिला वेग लागतो. कंपन्या कमी आकडे छापतात, पण २००० फूट प्रति सेकंदाच्या खाली तांब्यावर भरवसा ठेवू नये. १२० ग्रेन टीटीएसएक्स ३०० यार्डांवर त्याच्या वर राहते, ४०० ला काठावर येते. म्हणजे तुमची मर्यादा आपोआप ३०० ठरली.

तांब्याचा आणखी एक फायदा थेट पातेल्यातला. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात आणि खिम्यात मिसळतात. तांब्याने तो प्रश्न राहत नाही. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. कोलोरॅडोत तसं बंधन नाही.

गोळी बदलल्यावर बॅरल आधी नीट साफ करा. जुन्या तांब्याच्या मुलाम्यावर नवीन तांब्याची गोळी मारली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांचा गट पसरतो आणि माणूस उगाच काडतुसाला नावं ठेवतो. साफ करून पाच-सहा गोळ्या मारा, मग मोजायला बसा. एकाच लॉट नंबरचे पाच डबे एकदम घ्या. वीस गोळ्या नेम बसवायला, साठ सरावाला, वीस डोंगरावर.

खडा_पहारा

व्हिसाचं कोणी बोललं नाही आणि चूक झाली तर महागात पडणारं तेच आहे.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला (एच-१बी, एच-४, एफ-१, सगळे) बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कोणत्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. चालू हा शब्द अधोरेखित करा. टेक्सासचं शिकार लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही ते कधीही काढलेलं असो. १ सप्टेंबरला नवं हातात नसेल आणि घरात रायफल असेल तर तो गुन्हा धरला जाऊ शकतो. आधी नवं लायसन्स, मग बाकीचं. "जवळ बाळगणं" यात मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही येतं. "माझ्या नावावर घेतो, तू वापर" असं ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक मित्र म्हणाला तर नको म्हणा. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर विकत घेणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यांना ही अट नाही. तुमचं ग्रीन कार्डाचं प्रकरण चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच. इथल्या उत्तरावर विसंबू नका.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना हंटर एज्युकेशनचा दाखला लागतो. टेक्सासचा चालतो. रायफल सीझनमध्ये अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी हवी. गाडीत रायफलीच्या चेंबरमध्ये काडतूस ठेवता येत नाही. विमानाने जाणार असाल तर रिकामी रायफल कुलूपबंद टणक पेटीत, चेक-इनमध्ये जाहीर करून. काडतुसांवर विमान कंपन्यांची मर्यादा सहसा ११ पौंडांची असते. चाळीस काडतुसं त्यात सहज बसतात.

रानमाळ

आता नेम बसवण्याबद्दल. सगळा पैसा काडतुसात घालतात आणि स्कोपचे स्क्रू बोटाने आवळलेले असतात, असं चित्र रेंजवर रोज दिसतं. रिंगचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, बेसचे २५-३०, टॉर्क ड्रायव्हरने. रिंगच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. डोळा आणि स्कोप यांत साडेतीन इंच अंतर बाकावर नाही, चढावर झोपून आणि जाड जॅकेट घालून तपासा. चढावर मान पुढे येते आणि स्कोपची कडा भुवईत बसते. .३०० वाल्यांच्या भुवईवरची चंद्रकोर तिथलीच.

आधी २५ यार्डांवर मारा. १/४ मिनिटाच्या (मिनिट हे इथे कोनाचं माप) स्कोपला १०० यार्डांवर इंचाला चार क्लिक लागतात, २५ वर इंचाला सोळा. इथेच लोक चुकतात, चार क्लिक फिरवतात आणि "स्कोप हलतच नाही" म्हणतात. या वेगाच्या काडतुसाला २५ वर मध्यात बसलं की १०० वर अडीच-तीन इंच वर बसतं. मग १०० वर तीन-तीन गोळ्यांचे गट मारा, मध्ये बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, आणि बरोबर दोन इंच वर आणून ठेवा. म्हणजे २०० वर मध्य, ३०० वर आठ-साडेआठ इंच खाली. .३०० विन मॅग त्याच अंतरावर सात इंच खाली जाते. सगळा "सपाट मार्ग" म्हणतात तो हा सव्वा-दीड इंच.

डॅलसला बसवलेला नेम दहा हजार फुटांवर थोडा वर जातो, हवा विरळ म्हणून. पण ३०० यार्डांच्या आत हा फरक इंचाच्या आतच राहतो. थंडीत दारू जरा मंद जळते, तो परिणाम उलट दिशेला. या दोन्हींपेक्षा विमानातली आपटाआपट जास्त नुकसान करते. तिथे पोचल्यावर कॅम्पजवळ तीन गोळ्या मारूनच डोंगर चढा.

मग बाकावरून उठा. नऊ इंची कागदी थाळी लावा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने आणि पाठपिशवीवर टेकून, पाच पैकी पाच ज्या अंतरावर थाळीत बसतील ती तुमची मर्यादा. ती १८० यार्ड निघाली तर १८०. धाप लागलेली असताना ती आणखी कमी होते, म्हणून वीस उठाबशा काढून लगेच मारून बघा. हसण्यासारखं वाटतं, पण दहा हजार फुटांवर सपाटीच्या माणसाची छाती तशीच भात्यासारखी चालते.

लोखंडी_चणे

नेम कुठे धरायचा तेही इथेच लिहून ठेवतो. आडव्या उभ्या एल्कवर पुढच्या पायाची मागची कड धरून वर जा आणि छातीच्या तळापासून एक-तृतीयांश उंचीवर थांबा. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे उंच मारणं. पाठीवरचे केस आणि मणक्यांचे वर आलेले काटे यामुळे अंग खरं आहे त्यापेक्षा खोल वाटतं. खांद्याच्या वर त्या काट्यांना गोळी लागली तर जनावर विजेसारखं कोसळतं, शिकारी बंदूक खाली ठेवतो, आणि मिनिटाभरात ते उठून निघून जातं. मागून तिरकं असेल तर पलीकडच्या फऱ्यातून गोळी बाहेर पडेल अशा रेषेत आत घाला. पुढून तिरकं असेल तर ६.५ ने थांबा, ते वळेपर्यंत वाट बघा. .३०-०६ आणि बाँडेड १८० ग्रेन असती तर तिथे थोडी मोकळीक होती, आणि .३० चा खरा फायदा काय असेल तर तो एवढाच.

एल्क गोळी लागल्यावरही काही लागलंच नाही असं चालतं. उभं आहे तोवर दुसरी, तिसरी मारा. पहिल्या आवाजानंतर डोळा स्कोपवरून न काढता बोल्ट ओढायचा सराव घरी डमी काडतुसांवर करा, रोज दहा वेळा. नजरेआड गेलं तर जिथे उभं होतं तिथे खूण ठेवा आणि अर्धा तास हलू नका. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, पाच-सहा तास थांबायला लावणारं ते हिरवट आणि वासाचं, म्हणजे आतडी.

वाटाड्या७९

ठरलं, रायफल तीच. १२७ ग्रेन एलआरएक्स आणि १४० अ‍ॅक्युबाँड दोन्हींचा एकेक डबा आणून जी चांगली बसेल तिचे पाच घेतो. टेक्सासचं नवं लायसन्स १ सप्टेंबरच्या आत काढण्याची आठवण फोनवर लावली. बर्फ असेल तर रायफलीची आणखी काय काळजी घ्यायची?

खडा_पहारा

बोल्ट उघडून पेट्रोलमध्ये नाही, साध्या डीग्रीझरने धुवा आणि कोरडा करा, आत तेलाचा जेमतेम हात फिरवा. जाड तेल उणे १५ ला गोठतं, स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी सुई) हळू पडतो आणि प्राइमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी) पेटत नाही. रात्री रायफल तंबूच्या उबेत आणू नका, घाम धरते आणि सकाळी त्याचाच बर्फ होतो. बाहेर गाडीत ठेवा, रिकामी आणि कुलूपबंद. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिशियनची टेप एक थर लावा. पुढे दाबली गेलेली हवा गोळी येण्याआधीच ती उडवते, नेमावर फरक पडत नाही. पडलात आणि नळीचं तोंड बर्फात गेलं तर टेप फाटली की नाही ते बघितल्याशिवाय चापाला हात लावू नका. बर्फाच्या बुचावर गोळी मारली तर बॅरल फुगतं किंवा फुटतं. सोबत तुकडे जोडता येणारा क्लीनिंग रॉड ठेवा. दोरीवाला चालत नाही, बूच पुढे ढकलायला काठीच लागते.